नाट्यगृहाच्या दारात पुन्हा माणूस उभा करा

प्रति,
मा. आयुक्त, महापालिका
आणि नाट्यगृह व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपलं परिपत्रक नाट्यगृहाच्या नोटीस बोर्डावर लागलं. डोअरकीपरची रिकामी पदं भरायची नाहीत, तिकीट तपासणी आवाराच्या फाटकावर मोबाइलमधल्या क्यूआर कोडने करायची आणि उपाहारगृहाच्या ठेकेदाराला खुर्चीपर्यंत खाद्यपदार्थ पोहोचवायला मुभा द्यायची, असे तीन निर्णय त्यात आहेत. आम्ही नाटकवाल्यांनी लेखी हरकत घेतली. त्यावर चार ओळींचं उत्तर आलं. मोबाइल बंद ठेवण्याच्या सूचनेचा फलक दर्शनी भागात लावलेला आहे, तिचं पालन करणं ही प्रेक्षकांची जबाबदारी आहे, आणि काळानुसार लोकांच्या सवयी बदलणारच. आपल्या फायलीत प्रकरण मिटलं असेल. आमच्याकडे ते रोज रात्री साडेआठला नव्याने सुरू होतं, म्हणून हे पत्र आपल्याला, पण सगळ्यांदेखत.

मी लाइटवाला. व्यावसायिक नाटकांचे लाइट ऑपरेट करणं हा माझा पोटाचा धंदा, आणि त्याला आता तीसएक वर्षं झाली. आपल्या नाट्यगृहात लाइटची खोली बाल्कनीच्या मागे आहे. तिथून रंगमंच दिसतोच, पण त्याच्याआधी प्रेक्षक दिसतात, सगळे पाठमोरे. नटाला पहिल्या चार रांगा दिसतात, निर्मात्याला बुकिंगचा तक्ता दिसतो. अंधारात बसलेलं अख्खं सभागृह रोज पाहणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे सवयी कशा बदलल्या हे मला कुणी सांगायची गरज नाही.

सध्या आमच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक जागा आहे. आई खुर्चीत एकटी बसलेली, बोलणं संपलेलं, संगीत नाही. वरून एकच स्पॉट. तो चाळीस सेकंदांत शून्यावर आणायचा असतो. फेडरवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यावर, बोट इतकं हळू सरकवावं लागतं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. शेवटच्या दहा सेकंदांत फक्त तिचे हात दिसतात, मग तेही नाही. परवाच्या प्रयोगात मी तीसपर्यंत उतरलो आणि चौथ्या रांगेत एकाने फोन वर धरला. स्क्रीनचा उजेड पूर्ण. त्याच्या मागच्या दोन रांगांतली डोकी एकदम उजळली. त्याला बघून डावीकडून आणखी एक फोन वर आला, आणि त्याचा फ्लॅश चालू होता. मी शून्यावर पोहोचलो, पण अंधार झालाच नाही. आईचं काम करणाऱ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. प्रेक्षकांना वाटलं अभिनय आहे. टाळ्या पडल्या.

ब्लॅकआऊट, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार, हाही आमच्याकडे एक क्यू असतो, कधी काय करायचं त्याची खूण, स्क्रिप्टवर लिहिलेली. त्या आठ-दहा सेकंदांत नट जागा बदलतात, बॅकस्टेजची मुलं टेबल उचलतात, खाली चिकटवलेल्या रेडियमच्या पट्टीवर नजर ठेवून. डोळ्यांवर अचानक टॉर्च आला की ती पट्टी दिसत नाही. आमच्या एका नटाचा पाय असाच पायरीवरून सुटला. गुडघा सुजला, तरी पुढचा प्रवेश त्याने उभ्यानेच केला. टॉर्च मारणारे गृहस्थ आपली खुर्ची शोधत होते. खुर्चीचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये होता, कारण तिकीट मोबाइलमध्ये, आणि दाखवायला दारात कुणी नव्हतं. आता सांगा, त्यांना दोष देऊ की आपल्या परिपत्रकाला?

‘पूर्वीचे प्रेक्षक कसे शिस्तीचे होते’ हे रडगाणं मला गायचं नाही. ते खरंही नाही. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या एंट्रीला शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं जायचं, हे पाहिलेली माणसं अजून आहेत. तळकोकणात दशावतार देवळासमोरच्या मांडवात रात्रभर चालतो. मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली, मागे चहाची किटली फिरतेय, आणि नाटकातला राक्षस संकासुर समोरच्या म्हाताऱ्याची फिरकी घेतो तेव्हा म्हातारा बसल्या जागेवरून उलट उत्तर देतो. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जा. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या मंडईच्या, म्हणजे तिथल्या गावजत्रेच्या, निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं करतात. ब्लँकेट पांघरून जमिनीवर बसलेले हजारो लोक असतात, आवाज भरपूर असतो, आणि पहाटे तीन वाजता खलनायकाने काय म्हटलं ते सकाळी चहाच्या टपरीवर जसंच्या तसं ऐकायला मिळतं.

म्हणजे गोंगाट नवा नाही. फरक इतकाच की तो गोंगाट रंगमंचाच्या दिशेने जात होता. वन्समोअर ओरडणाऱ्याचे कान गाण्यावर होते, आणि शिट्टी मारणाऱ्याला नट कुठल्या विंगेतून येणार हे पाठ होतं. आज माझ्यासमोर बसलेले लोक त्या मानाने फारच शांत आहेत. फक्त ते तिथे नाहीत. शेजारच्याशी कुजबुज करणारा माणूस निदान नाटकाबद्दल तरी बोलायचा. मान खाली घालून बोटाने स्क्रीन सरकवणारा कुठे आहे ते देव जाणे. मला सभ्यपणा वगैरे नको आहे. लक्ष हवंय. नाटकाला दुसरं भांडवल नसतं. सिनेमा समोर कुणी नसलं तरी चालू राहतो, आमची पुढची ओळ मात्र समोरून काय आलं त्यावर बदलते. विनोदावर हशा किती लांबला हे ऐकून नट थांबतो, आणि नट किती थांबला हे पाहून मी लाइट सोडतो.

हे एका रात्रीत झालेलं नाही. देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं नाट्यगृहात फोन म्हणजे एखाद्या बिल्डरच्या खिशातली चैन होती. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि पुढच्या हंगामापासून प्रयोगात रिंगा वाजायला लागल्या. तेव्हा फोन वाजला की माणूस ओशाळायचा. खिसे चाचपायचा, बायको त्याला कोपराने ढोसायची, आणि मध्यंतरात तो आजूबाजूच्यांची नजर चुकवून वडा खायचा. ते ओशाळणं हीच खरी शिस्त होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. आवाज कमी झाले, उजेड वाढले. आता फोन वाजला तर लोक तो घेतात, आणि तोंडावर हात ठेवून सांगतात, “नाटकात आहे, बोल ना.” त्या ‘बोल ना’ला ओशाळण्याचा लवलेशही नसतो.

करोनाने उरलंसुरलं केलं. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांनिशी पुन्हा उघडली, तेव्हा पहिल्या घंटेला आम्ही लाइटच्या खोलीत अक्षरशः रडलो होतो. पण मधल्या काळात लोकांना घरी बघायची सवय लागली होती. पॉज करायचं, उठायचं, चहा टाकायचा, दुसरं काहीतरी लावायचं. ती सवय घेऊनच ते परत आले. आले, याचं मोल आहेच. म्हणूनच त्यांना पुन्हा नाटकात बसवून घ्यायची जबाबदारी कुणाची तरी होती. ती आपण फलकावर ढकललीत.

नट ती पार पाडू शकत नाहीत. २०१९ मध्ये सुमित राघवन यांनी फोन वाजत राहिला म्हणून चालू प्रयोग थांबवला, त्याच वर्षी सुबोध भावे यांनीही या त्रासाबद्दल जाहीरपणे लिहिलं. विक्रम गोखले तर त्याच्या कितीतरी आधीपासून प्रेक्षकांना खडसावत. काय झालं? आठ दिवस चर्चा. निम्मे म्हणाले बरोबर केलं, निम्मे म्हणाले नटांना माज आलाय, आम्ही पैसे मोजतो. ज्या माणसाने आत्ता भूमिकेत असायला हवं, त्याला भूमिका सोडून दारवानाचं काम करावं लागतं, याची लाज दोन्ही बाजूंपैकी कुणालाच वाटली नाही. आणि अशा वेळी हमखास जॅमरची, म्हणजे मोबाइलचं नेटवर्क अडवणाऱ्या यंत्राची, मागणी पुढे येते. जॅमर नको. एक तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही, आणि दुसरं म्हणजे आठशे लोकांत एखादी डॉक्टर असते, एखाद्याची बायको दवाखान्यात असते. त्यांना मुकं करून आपलं काम होणार नाही.

आता तक्रारी. काही आपल्या परिपत्रकाबद्दल, काही त्याच्या आधीपासूनच्या.

पहिली, दाराची. आपल्याकडे एक डोअरकीपर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या बॅटरीच्या काचेवर खाकी कागद चिकटवलेला असे, मध्ये बोटाच्या पेराएवढं भोक. उजेड फक्त पायरीवर पडायचा, वरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी नाही. उशिरा आलेल्याला ते दारातच थांबवत. “प्रवेश संपू द्या, मग बसवतो.” तो रागावला तर म्हणत, “रागवा, पण बाहेर.” कुणी आत बोलत असेल तर ते त्या रांगेच्या टोकाला जाऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत, खुणावायचे नाहीत. दोन मिनिटांत रांग गप्प. गावातल्या डॉक्टरांची पद्धत ठरलेली होती. आल्यावर बुकिंगच्या खिडकीवर आपला खुर्चीनंबर सांगून ठेवायचा. दवाखान्याचा फोन आला की मामा वाकून त्यांच्या खांद्याला हात लावत. आठशे माणसांपैकी एकालाच कळायचं. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागेवर एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड आला. बिचाऱ्याला बारा तास ड्युटी, तीही पार्किंगपासून स्वच्छतागृहापर्यंत. नाटक चालू असताना तो दारापाशी खुर्ची टाकून मोबाइलवर क्रिकेट बघतो, आणि त्याच्या स्क्रीनचा उजेड मला वरून दिसतो. आता तर तोही फाटकावर जाणार.

दुसरी, क्यूआर कोडची. ऑनलाइन बुकिंगला माझा विरोध नाही, पुण्या-मुंबईचे प्रयोग त्यावरच भरतात. पण प्रेक्षकाला फाटकावर फोन काढायला लावायचा, आत खुर्चीनंबर बघायला पुन्हा काढायला लावायचा, आणि भिंतीवर लिहायचं ‘मोबाइल बंद ठेवा’. तो कधी बंद करायचा?

तिसरी तक्रार लिहिताना हात जरा अडखळतो, कारण ती आपल्याच लोकांची आहे. पुढच्या रांगांत राखीव ठेवलेल्या खुर्च्या बऱ्याचदा पहिला प्रवेश संपत आला तरी रिकाम्या असतात. मग पासवाले येतात. सोबत दोन माणसं, त्यातला एक वाकून रस्ता दाखवणारा. नट थबकतो, मागचे प्रेक्षक माना वाकड्या करतात. मध्यंतरानंतर त्या खुर्च्या बहुतेक पुन्हा रिकाम्या. रांगेत उभं राहून तिकीट काढलेला माणूस हे सगळं बघतो, आणि त्यातून जे शिकायचं ते शिकतो. तिसऱ्या घंटेला काही अर्थ नाही हे त्याला कुणी फलकावर लिहून सांगावं लागत नाही.

चौथी, खाण्याची. वेफर्सच्या पिशवीचा आवाज सातव्या रांगेतून रंगमंचावर स्पष्ट जातो. मल्टिप्लेक्समध्ये तो स्पीकरखाली दबतो, इथे नट माइकशिवाय बोलतात. याहून जास्त लिहायची गरज नसावी. वडा मध्यंतरात, बाहेर, उभ्याने खाण्यातच मजा आहे.

आणि एक, मोडक्या खुर्च्यांची. बसल्यावर किरकिरणाऱ्या खुर्च्या, मध्येच बंद पडणारं एसी, दुसऱ्या अंकात वास मारणारं स्वच्छतागृह. ज्या जागेची मालकाला किंमत नाही, तिथे पाहुण्याने अदबीने बसावं ही अपेक्षा जास्तच आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा शाहू महाराजांच्या त्या वास्तूसमोर उभी राहून माणसं रडली. आपणही तेव्हा शोक व्यक्त केला होता. आपलं नाट्यगृह अजून उभं आहे, तर त्याच्या किरकिऱ्या खुर्च्या आत्ताच बदलून घ्या.

‘काळानुसार सवयी बदलणारच’ या वाक्याबद्दल थोडं. सवयी बदलतात, पण कुणीतरी बदलायला लावल्या तरच बऱ्याच्या बाजूला बदलतात. माझ्या उमेदीच्या काळात मध्यंतरात नाट्यगृहाच्या व्हरांड्यात विडी-सिगारेटचा धूर इतका असे की माणूस दिसत नसे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले, दोनशे रुपये दंड आला. तेव्हाही ‘लोक ऐकणार नाहीत’ म्हणणारे होते. आज व्हरांड्यात कुणी सिगारेट पेटवली तर शेजारचा त्याला हटकतो. रस्त्यावर पिचकारी मारणारा माणूस मेट्रोच्या डब्यात तोंड मिटून उभा राहतो, तो काही जिना चढताना सुसंस्कृत झालेला नसतो. तिथे कुणीतरी बघतंय आणि जागा स्वच्छ आहे, एवढंच. काही जुन्या नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी मागे काचेची खोली बांधलेली आहे. आई आत बसून नाटक बघते, मुलाचा आवाज बाहेर येत नाही. बांधणाऱ्यांनी आयांना जबाबदारीची आठवण करून देणारा फलक लावला नाही. त्यांनी खोली बांधली.

म्हणून मागण्या. अवघड एकही नाही.

१. परिपत्रकातला डोअरकीपरची पदं न भरण्याचा निर्णय रद्द करा. प्रत्येक दाराशी, बाल्कनीसकट, प्रयोगभर एक माणूस हवा. त्याला दुसरी ड्युटी नको. त्याला शिकवायला आम्ही नाटकवाले फुकट येऊ.

२. क्यूआर कोड फाटकावर तपासा, पण तिथेच खुर्चीनंबरची छापील चिठ्ठी हातात द्या, म्हणजे फोन तिथूनच बंद करता येईल.

३. तिसऱ्या घंटेनंतर आलेल्याला पहिला प्रवेश संपेपर्यंत बाहेर थांबवा. हा नियम पासवाल्यांना आधी लावा. राखीव खुर्च्या तिसऱ्या घंटेपर्यंत भरल्या नाहीत, तर मागच्या रांगेतल्यांना पुढे बसू द्या.

४. ज्यांना तातडीचा फोन येऊ शकतो, त्यांनी खुर्चीनंबर नोंदवायची जुनी पद्धत बुकिंगच्या खिडकीवर पुन्हा सुरू करा. तिथे एक चालू फोन आणि एक वही लागेल.

५. प्रेक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा ठेकेदाराच्या करारातून काढा.

६. शूटिंग करणाऱ्याला डोअरकीपरने एकदा सांगावं, दुसऱ्यांदा मध्यंतरापर्यंत बाहेर बसवावं, आणि हे करताना त्याच्यामागे व्यवस्थापनाने उभं राहावं. दंड मला नको. पावतीपुस्तक आलं की वाद पैशांचा होतो, आणि दोनशे रुपये भरून उरलेला अंक शूट करणारे निघतील.

पैशांचा प्रश्न आपण काढाल. चार माणसांच्या पगारात किती वाचले आणि त्याच वर्षात रंगरंगोटीवर किती गेले, हा हिशोब जाहीर करा. अगदीच अडलं, तर प्रयोगाचं भाडं थोडं वाढवा. दोन-तीन निर्मात्यांशी माझं बोलणं झालंय, ते नाही म्हणणार नाहीत. मात्र ती वाढ दारातल्या माणसावरच खर्च व्हायला हवी, हे करारात लिहून द्या.

समितीच्या सदस्यांना एक विनंती वेगळी. पुढच्या कुठल्याही प्रयोगाला, पासवर नको, माझ्या शेजारी लाइटच्या खोलीत येऊन बसा. जागा अडचणीची आहे, एक स्टूल आहे. दुसऱ्या अंकाचा शेवट तिथून बघा आणि मग परिपत्रक पुन्हा वाचा.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी केलेल्या प्रयोगाचं स्मरण म्हणून त्या दिवशी आपण नटराजाची पूजा करता, भाषणं करता. त्याच्या आधी समितीची बैठक घेऊन या सहा मुद्द्यांवर निर्णय कळवावा, आणि तो लेखी असावा. साडेआठ ते साडेअकरा मला फोन करू नये, बंद असतो.

आपला,
नाट्यगृहाचा एक लाइटवाला